वाढत्या अंगाचा ब्लेझर

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याच्या अंगावर काही नसतं, आणि पुढे काय असावं हे ठरवायला कायम दुसरं कोणीतरी हजर असतं. आधी आई, मग शाळा, मग कंपनी, मग बायको. (शेवटच्या प्रसंगी गुरुजी ठरवतात, पण तेव्हा आपली हरकत नसते.) ही जगरहाटी आहे. जर्मनीत मात्र शाळांना गणवेश नाही. मुलं घरून जे घालून निघतात त्यातच शिकतात, आणि मोठेपणी तरीही उत्तम यंत्रं बनवतात. हे त्यांना कसं जमतं, यावर समाधानकारक संशोधन झालेलं नाही.

आमच्या हेर्त्सोगेनआउराखच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष शिरीष देवस्थळी याला ही गोष्ट फार खुपत असे. शिरीष मूळचा वाईचा. अकराव्या वर्षी तो इंग्लंडमधल्या डॉक्टरकाकांकडे गेला आणि तिथल्या मुलांच्या एका बोर्डिंग स्कूलमध्ये पाच वर्षं होता. त्या पाच वर्षांत तो काय शिकला हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही. काय घातलं, ते मात्र सांगितलं. मी मंडळाचा सहचिटणीस असल्यामुळे इतिवृत्त माझ्याकडे असतं. त्यातल्या नोंदींनुसार २००५चा गणेशोत्सव ते २००७ची संक्रांत या काळात शिरीषनं गणवेशाच्या आठवणी एकतीस वेळा सांगितल्या. त्यात टोपी नऊ वेळा, टाय सात वेळा, आणि बटणं उरलेल्या सगळ्या वेळा.

"युनिफॉर्मचा मुद्दा काय असतो?" तो हातात चहाचा कप घेऊन विचारायचा. "समानता. सगळे एकसारखे!"

मग तो एकसारखेपणाचं वर्णन करायचा. पहिल्या वर्षाच्या मुलानं ब्लेझरची तिन्ही बटणं लावलेली असली पाहिजेत. दुसऱ्या वर्षी वरचं एक उघडं ठेवता येई. चौथ्या वर्षापासून सगळी उघडी. पाचव्या वर्षी खिशात हात घालायची परवानगी. (पहिल्या वर्षाच्या मुलांचे खिसे शिवूनच टाकलेले असत, म्हणजे मोह नको.) मास्तर समोरून आले तर टोपीला दोन बोटं लावायची, हेडमास्तर आले तर टोपी काढायची, आणि दोघं बरोबर आले तर काय करायचं हे कोणालाच माहीत नसल्यामुळे झुडपामागे उभं राहायचं. अशी ती समानता होती. ऐकून आम्ही भारावून जात असू, कारण आमच्या शाळांत फक्त खाकी चड्डी आणि पांढरा शर्ट होता आणि त्यात कोण कोणाच्या वर आहे हे काहीच कळत नसे.

मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग चर्चच्या सभागृहात वरच्या मजल्यावर भरत असे. पटावर मुलगे दहा, मुली चार. शिकवायला शिरीषची बायको सुलेखा. उपस्थिती चांगली होती, फक्त मुलं जर्मनमध्ये उत्तरं देत. अडचण एकच होती: सभागृहाचे व्यवस्थापक हेर (म्हणजे श्रीयुत) लिंडनर यांनी जानेवारीतच सांगून ठेवलं होतं की उन्हाळ्यापासून ती खोली टेबलटेनिसवाल्यांना जाणार. खोली गेली की वर्ग बंद, कारण गावात दुसरी परवडणारी जागा नव्हती. यावर मंडळाच्या समितीनं तीन बैठकांत गंभीर चर्चा करून चौथी बैठक बोलवायचं ठरवलं होतं.

अशात फाशिंग आला. फाशिंग म्हणजे फेब्रुवारीत शिस्तप्रिय जर्मन माणूस ठरवून दिलेल्या वेळेत वेडेपणा करतो तो सण. मुलं सोंगं घेऊन फिरतात. त्या रविवारी शिरीष वर्गाची पाहणी करायला गेला तेव्हा दोन समुद्री चाचे पाटीवर 'ऋ' गिरवत होते, एक मधमाशी झोपली होती, आणि एक गाय मोठ्यानं काना-मात्रा वाचत होती. (गाय माझी. म्हणजे माझा धाकटा.)

"सुलेखा, हा वर्ग आहे?" शिरीष म्हणाला.

"अरे, मुलं येतायत हेच खूप आहे," सुलेखा म्हणाली. "आणि गाय आज पहिल्यांदाच वाचतेय. तिला थांबवू नकोस."

पण शिरीषला आता राहवेना. आमची चौथी बैठक झाली ती खोलीबद्दल न होता गणवेशाबद्दल झाली. निर्णय एकमतानं झाला, कारण विरोध करण्यासाठी गणवेशाचा अनुभव लागतो आणि तो फक्त शिरीषला होता.

नशिबानं त्याच आठवड्यात शिरीषचे सासरे दिनकरराव सांगलीहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. दिनकरराव जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी गणवेशवाटपाच्या फायली हाताळल्या होत्या. जर्मनीत येऊन चार दिवस ते खिडकीत बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजत होते. काम मिळाल्याबरोबर त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला.

"शिरीषराव, तुम्ही फक्त आठवा," ते म्हणाले. "परिपत्रकाचं मी बघतो."

परिपत्रक तीन पानी झालं. 'विषय: रविवारीय मराठी वर्गातील विद्यार्थ्यांच्या गणवेशाबाबत. संदर्भ: मा. अध्यक्षांच्या आठवणी, क्र. १ ते ३१. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, विद्यार्थी याचा अर्थ मुलगा असा समजण्यात यावा.' शिरीषची शाळा फक्त मुलांची होती, त्यामुळे संदर्भांत मुली कुठेच नव्हत्या आणि संदर्भाबाहेर जाऊन नियम करणं दिनकररावांना तीस वर्षांत जमलं नव्हतं. चार मुली मोकळ्या राहिल्या. ज्यांना नियम लागू नाहीत त्यांच्याकडेच तपासणीचे अधिकार द्यावेत, ही प्रशासनाची जुनी रीत आहे. म्हणून शिरीषची अकरा वर्षांची मुलगी अवनी मुख्य तपासनीस झाली. तिनं आजोबांना विचारलं की तपासनीसाला शिट्टी मिळते का. आजोबांनी परिशिष्ट 'ब' जोडलं.

ब्लेझर मरून रंगाचे, पिवळ्या किनारीचे, सांगलीतल्या टेलरकडून शिवून घ्यायचे ठरले. मापं घेतली गेली. आता मराठी माणूस मुलाचं माप टेलरला देताना काय म्हणतो हे सर्वांना ठाऊक आहे. 'जरा वाढत्या अंगाचा शिवा.' प्रत्येक बापानं छातीत दोन इंच वाढवले. सुलेखानं यादी तपासली आणि मुलं भराभर वाढतात म्हणून आणखी दोन टाकले. दिनकररावांनी सरकारी अनुभवाच्या आधारे तीन टाकले. टेलर विचारी माणूस होता. परदेशात मुलं दूध फार पितात हे त्याच्या ऐकण्यात होतं. त्यानं आपले तीन घातले. अशा रीतीनं सत्तावीसची छाती सदतीस झाली, आणि एप्रिलमध्ये एरलांगनच्या आमच्या गौरांगचे आईवडील त्याला भेटायला आले तेव्हा त्यांच्या दोन बॅगांतून दहा ब्लेझर येऊन पोहोचले.

माझ्या धाकट्याला त्याचा ब्लेझर घातला. हात दिसेनात. पाय दिसेनात. थोड्या वेळानं तो आतच मांडी घालून डबा खाऊ लागला. बाकीची मुलंही कमीअधिक प्रमाणात आतच होती.  मग सहज, वाया जाऊ नये म्हणून, मी तो ब्लेझर अंगावर चढवून पाहिला.

बेतून शिवल्यासारखा बसला.

दुसऱ्या क्षणी सगळ्या बापांनी आपापले ब्लेझर घातले होते.  आरसा नव्हता, म्हणून आम्ही एकमेकांकडेच पाहत होतो, आणि जे दिसत होतं ते आवडत होतं. दिनकररावांनी जागेवर शुद्धिपत्रक काढलं: 'मुलांच्या अंगास येईपर्यंत ब्लेझर पालकांच्या ताब्यात राहतील. ताबा याचा अर्थ अंग असा समजावा.' मुलांचे बाप भरले आठ, कारण दोन घरांतून दोन-दोन मुलगे होते. उरलेल्या दोन ब्लेझरांपैकी एक अध्यक्ष म्हणून शिरीषला आणि एक आणल्याबद्दल गौरांगला मिळाला.

प्रश्न बटणांचा होता. बटणं इयत्तेप्रमाणे, पण बापांना इयत्ता नसते. दिनकररावांनी एक रात्र विचार करून यावर जो तोडगा काढला त्याला मी आजही मुजरा करतो. व्हिसा! मुदतीचा परवाना असलेल्यांनी तिन्ही बटणं लावावीत. ज्यांना निडरलासुंग्सएर्लाउब्निस, म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळाला आहे त्यांनी वरचं एक उघडं ठेवावं. जर्मन पासपोर्टधारकांनी सगळी उघडी ठेवून खिशात हात घालावेत. गौरांग पीएचडी करत होता आणि त्याचा परवाना दर वर्षी नवा होत असे, म्हणून त्याचे खिसे शिवून टाकण्यात आले. जर्मन पासपोर्ट आमच्यात फक्त शिरीषकडे होता.

यानंतरचे पाच आठवडे मंडळाच्या इतिहासातले सर्वांत सुखाचे होते. याआधी बाप मुलांना वर्गात सोडून घरी झोपायला जात. आता पावणेदहालाच सभागृहाच्या अंगणात दहा पुरुष रांगेत उभे असत. अवनी समोरून चालत जाई. शिट्टी वाजवी. नखं बघे. "बटण लाव!" "हात काढ!" "सरळ उभा राहा!" ती हे मराठीत म्हणायची, कारण परिपत्रक मराठीत होतं. बाकीची मुलंही तिच्यामागून ओरडत. मी मोजदाद ठेवली आहे: मुलांच्या तोंडचे मराठी शब्द त्या पाच आठवड्यांत चाळीसवरून एकशे साठवर गेले, आणि ते सगळे आज्ञार्थी होते. घरीही फरक पडला. माझा धाकटा जेवताना 'मला भाजी नको' हे जर्मनमध्येच म्हणायचा, पण 'ताट उचल!' हे शुद्ध मराठीत.

एका गुरुवारी बापांपैकी श्रीनाथला कायमचा परवाना मिळाला. रविवारी त्यानं पासपोर्ट आणून अवनीपुढे धरला. तिनं शिक्का नीट पाहिला, आजोबांकडे पाहिलं, आणि चवड्यांवर उभं राहून त्याचं वरचं बटण काढलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. श्रीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. परदेशी विभागाच्या कार्यालयात तोच शिक्का मिळताना त्याला काहीच वाटलं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला.

हे सगळं खिडकीतून बघणारी माणसं होतीच. मेच्या पहिल्या रविवारी हेर लिंडनर अंगणात आले. मरून ब्लेझरांतले दहा प्रौढ पुरुष, समोर एक लहान मुलगी, तिच्या तोंडात शिट्टी. त्यांनी बराच वेळ पाहिलं. जर्मनीत सारखे कपडे घालून रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे कोणी दुर्लक्ष करत नाही. त्याला कारणं आहेत. मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला आणि ते शिरीषशी अस्सल फ्रँकिश बोलीत भराभर बोलू लागले. आता, शिरीष ऑफिसचं जर्मन फर्डं बोलतो, पण फ्रँकिश त्याला कळत नाही. चौदा वर्षांत त्यानं त्यावर एकच उपाय शोधला होता. वाक्य संपलं की म्हणायचं, "गेनाऊ." म्हणजे 'अगदी बरोबर'.

"गेनाऊ," शिरीष म्हणाला. लिंडनर आणखी बोलले. "गेनाऊ, गेनाऊ," शिरीष म्हणाला, आणि लिंडनरनी त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला.

ते गेल्यावर अवनी तोंडातली शिट्टी काढून शांतपणे जर्मनमध्ये म्हणाली (तिला फ्रँकिश शाळेत येता-जाता येतच होतं): "पापा, तू आत्ता सांगितलंस की आपण बँडपथक आहोत. आणि तिसऱ्या रविवारी अग्निशमन दलाच्या उत्सवात आपण वाजवणार आहोत. संगीतवाल्यांना खोली मिळते. टेबलटेनिसवाले खाली जाणार."

म्हणजे खोली वाचली होती. फक्त आम्हाला वाजवता येत नव्हतं.

तातडीची बैठक झाली. सत्य सांगावं असं सुलेखाचं म्हणणं पडलं. ते कोणत्याच परिपत्रकात बसत नाही असं दिनकररावांचं. वाद्यांची पाहणी केली: एक तबला (डग्गा पुण्यात), झांजांची एक जोडी, एक हार्मोनियम ज्याची काळी चार सोडली तर बाकीचा आवाज बरा होता. गाणी सर्वांना येत होती, पण वेगवेगळी. शेवटी सुलेखानंच मार्ग काढला. "तुम्हा सगळ्यांना एकत्र, एका सुरात, पाठ काय येतं सांगू? पाढे."

खरंच की. ठरलं.

उत्सवाच्या दिवशी एकोणतीस अंश ऊन होतं. जवळच्या गावातलं मैदान, बिअरचा तंबू, भाजलेले सॉसेज. आणि पाहतो तो सगळीकडे गणवेश! अग्निशमन दलाचे साठ जण निळ्यात, नेमबाजी मंडळ हिरव्यात, खरं बँडपथक लाल जाकिटांत, बायका एकसारख्या झग्यांत. या देशात गणवेश नाही असं शिरीष चौदा वर्षं का समजत होता कोण जाणे. आमच्याकडे मात्र कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या मैदानात आम्ही प्रथमच अगदी सर्वसामान्य दिसत होतो.

आमचा क्रम दोन वाजताचा. पावणेदोनला शिरीष सापडेना. मी आणि अवनी शोधत गेलो तेव्हा तो अग्निबंबाच्या मागे सावलीत उभा होता. घामानं निथळत होता. मी पाहिलं तर त्यानं तिन्ही बटणं लावली होती.

"तुला उघडी चालतात," मी म्हणालो. "तुझा पासपोर्ट आहे."

"राहू दे."

"शिरीष, काय झालं? स्टेजची भीती वाटतेय का? तू तर शाळेत परेडच्या पुढे चालायचास. सव्विसाव्या आठवणीत आहे."

 तो म्हणाला, "पुढे चालायचो, कारण मागून मी त्यांच्यासारखाच दिसायचो. टोपी, कॉलर, ब्लेझर. मागून काही फरक कळायचा नाही. चेहरा दिसला की चिडवणं सुरू व्हायचं. म्हणून मी कायम सगळ्यांच्या पुढे. मास्तरांना वाटायचं, काय उत्साही मुलगा आहे!"

मला हसू आलं आणि लगेच गेलं.

"पाच वर्षं असं चाललास?"

"पाच नाही रे. एक टर्म. बारा आठवडे. मग मी जेवायचं सोडलं, आणि काकांनी मला वाईला परत पाठवलं."

"आणि ती पाच वर्षं?"

"ती नंतर हळूहळू झाली," शिरीष म्हणाला. "सांगता सांगता."

इतिवृत्तात याची नोंद कशी करावी हे मला सुचेना. एकतीस आठवणी, बारा आठवडे: आठवड्याला अडीचपेक्षा जास्त. एवढं उत्पादन आमच्या कारखान्यातही निघत नाही. तेवढ्यात लक्षात आलं की अवनी सगळं ऐकत उभी आहे. ती जवळ आली. मला वाटलं ती आता नियमाप्रमाणे बापाची इयत्ता ठरवणार. तिनं त्याच्याकडे वर पाहिलं, कपाळावरून ओघळणारा घाम पाहिला, आणि मराठीत विचारलं,

"पापा, तुला गरम नाही होत का?"

पाच आठवड्यांतलं तिचं ते पहिलं मराठी वाक्य, ज्यात आज्ञा नव्हती.  "होतंय गं," तो म्हणाला. "फार होतंय." आणि त्यानं तिथल्या तिथे ब्लेझर काढून अग्निबंबाच्या पायरीवर ठेवला. अवनीनं रुमालानं त्याचं कपाळ पुसलं. शिरीषनं खाली वाकून तिला ते नीट पुसू दिलं.

तो तसाच, ब्लेझरशिवाय, रांगेत येऊन उभा राहिला. आमची भंबेरी उडाली. "अहो बाबा, काढायचा का आम्हीही?" गौरांगनं दिनकररावांना विचारलं. दिनकररावांनी तिन्ही पानं, शुद्धिपत्रक आणि परिशिष्ट 'ब' चाळलं. ब्लेझर घालण्याविषयी सतरा कलमं होती. काढण्याविषयी एकही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कागद घडी करून खिशात घातले. "काढा," ते म्हणाले, आणि अंगातला स्वेटरही उतरवला.

आम्ही ब्लेझर काढले आणि स्टेजवर चढलो. निवेदक माईकवर काही म्हणाला आणि लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. पाढे तर सुरूही झाले नव्हते. मी अवनीला हळूच विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, पथकानं आता दुसरा गणवेश घातलाय. तो पहिल्यापेक्षा छान आहे."

मी रांगेकडे पाहिलं. दहाही जणांच्या अंगात फिकट निळ्या बारीक चौकड्यांचा शर्ट. गडद निळी पँट. काळा पट्टा, पट्ट्याला उजव्या बाजूला मोबाइलचं पाकीट. पायांत गावातल्याच फॅक्टरी-दुकानातले, मागच्या हंगामातले, पांढरे धावण्याचे बूट. कोणी कोणाला विचारून घातले नव्हते. परिपत्रक निघालं नव्हतं.

पाढे उत्तम झाले. बे एके बे ला लोक नुसतं ऐकत होते, बारा चोकला डोलू लागले, पंधराच्या पाढ्याला तंबूत टेबलं वाजू लागली. सतरा सक्कंला दहा अभियंते एकदम अडखळले.  तेवढ्यात माझा धाकटा मागून ओरडला, "हुंडर्टत्स्वाय!" एकशे दोन! प्रेक्षकांना त्या दिवशी कळलेला तो पहिलाच शब्द. मैदान डोक्यावर घेतलं त्यांनी. आम्हाला सतराचा पाढा तीनदा म्हणायला लावला. खोली मिळाली, वर्ग चालू राहिला, आणि सुलेखानं दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारावर लिहून लावलं: 'काय वाट्टेल ते घालून या.'

आता तुम्हाला या सगळ्याचं हसू आलं असेल. येणारच. तुमची गोष्ट निराळी आहे. तुमच्यासाठी कोणी परिपत्रक काढत नाही. तुम्ही स्वतःच्या पायांनी दुकानात जाता. आत्ता अंगात आहे तो शर्टच घ्या: तिथे तसे चाळीस टांगलेले होते, एकाच रंगाचे, एकाच कापडाचे, आणि त्यातून तुम्ही नेमका तोच निवडलात, जो तुमच्या स्वतंत्र स्वभावाला शोभतो.